कंद आणि कृती

इ. स. १५०० च्या एप्रिल महिन्यात काब्रालचे पोर्तुगीज आरमार हिंदुस्थानच्या वाटेवर असता ब्राझीलच्या किनाऱ्यास लागले. आरमाराबरोबर असलेल्या पेरू वाझ द कामिन्य ह्या लेखनिकाने १ मे रोजी आपल्या राजास पत्र लिहिले. तेथील लोक ‘इन्यामे’ नावाचा कंद खाऊन राहतात, असे त्यात नमूद आहे. इन्यामे म्हणजे आपल्या कोनफळाच्या कुळातला कंद. कामिन्यने पाहिला तो मात्र बहुधा मांदिओका असावा, असे अभ्यासक मानतात. स्पॅनिश मुलखात ज्याला युका म्हणतात, इंग्रजीत कसावा, केरळात कप्पा आणि कानडीत मरगेणसू, तोच हा कंद. ब्राझीलमधील त्याची आरंभीची लेखी साक्ष अशी परक्या नावाने नोंदली गेली. आरमार त्याच वर्षी कालिकतला पोहोचले आणि डिसेंबरातील चकमकीत कामिन्य तेथेच मारला गेला, असे मानतात.

नावाची चूक क्षम्य होय. परंतु ह्या कंदाच्या बाबतीत नुसते नाव कळून भागत नाही. कृती कळावी लागते. त्याच्या कडू जातीत हायड्रोसायनिक आम्ल हे जहाल विष उत्पन्न करणारी द्रव्ये विपुल असतात. गोड जातीत ती कमी, पण असतातच. तुपी लोकांच्या स्त्रिया कंद सोलून किसत, कीस विणलेल्या लांबट पिशवीत भरून पिशवी ताणीत, विषारी रस पिळून काढीत आणि चोथा भाजून त्याचे पीठ करीत. त्या लोकांच्या कैदेत राहिलेल्या हान्स श्टाडेन ह्या जर्मन शिपायाने १५५७ च्या आपल्या ग्रंथात हे पीठ करण्याच्या रीती लिहून ठेविल्या आहेत. ह्या कंदाच्या सत्त्वाला असलेल्या तुपी शब्दापासूनच टॅपिओका हे नाव आले. काजू आणि अननस हे आपल्या मराठी-कोंकणीतले शब्दही त्याच भाषाकुळातून पोर्तुगीजांच्या मुखावाटे आपल्याकडे उतरले.

पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात हा कंद आफ्रिकेत नेला. तेथील स्त्रियांनी तो भिजविण्याच्या, आंबविण्याच्या, वाळविण्याच्या आपल्या रीती बसविल्या. ह्या रीतींचे मोल १९८१ साली दिसून आले. मोझांबिकच्या नांपुला प्रांतात त्या वर्षी दुष्काळ पडला. अवर्षणाने कंदातील विष वाढले, आणि भुकेल्या घरांना तो पुरेसे दिवस वाळविण्याइतकी उसंत राहिली नाही. हजाराहून अधिक माणसांचे पाय ताठरून लुळे पडले. त्यांत स्त्रिया आणि मुलेच बहुसंख्य होती. काँगोत हाच विकार ‘कोंझो’ नावाने १९३८ सालीच वर्णिला गेला होता. त्या माउलींना कृती ठाऊक होती. परिस्थितीने ती पाळू दिली नाही.

मलबारात हा कंद सतराव्या शतकात पोर्तुगीजांमार्फत आला, असे सामान्यतः मानितात. त्रावणकोरात विशाखम तिरुनाळ महाराजांनी (कारकीर्द १८८०–१८८५) त्याच्या लागवडीस उत्तेजन दिले. १९४२ साली ब्रह्मदेशाचा तांदूळ बंद झाला, तेव्हा तेथील गरिबांचा जीव ह्याच कंदाने तगविला. त्याच महायुद्धात मलायाकडील सागू ताडाचा साबुदाणा येईनासा झाला आणि सेलमच्या आसमंतात ह्या कंदाच्या सत्त्वाचे दाणे होऊ लागले. ताडाचे नाव तेवढे कायम राहिले. म्हणजे आपल्या एकादशीच्या खिचडीतही हा कंद दुसऱ्याच्याच नावाने वावरतो!

ह्या नामांतरातून एक धोका संभवतो, म्हणूनच आम्ही हे लिहीत आहो. साबुदाणा करताना कंद किसून त्याचे सत्त्व भरपूर पाण्यात धुऊन निवळलेले असते. बाजारातून आणलेला कंद तसा नसतो. रताळ्याचा वा बटाट्याचा कच्चा कीस आपण जसा तुपावर परततो, तसा ह्याचा कदापि करू नये.

कंद घेताना तोडून पाहावा. आत पांढरा शुभ्र असेल तर घ्यावा. निळसर काळ्या रेघा दिसल्यास सोडावा, कारण काढल्यापासून दोन-तीन दिवसांत तो बिघडू लागतो. वरची तपकिरी साल आणि तिच्याखालील जाड साल दोन्ही काढाव्यात, लहान तुकडे करावेत, मधली शीर काढून टाकावी. भरपूर पाण्यात, झाकण न ठेविता, मऊ होईतो उकळावे आणि ते पाणी ओतून द्यावे. आमटीत वापरू नये. कडू लागलेला तुकडा खाऊ नये. मग खोबरे, हिरवी मिरची, जिरे व हळद ह्यांचे वाटण लावून वर कढीपत्त्याची फोडणी द्यावी. केरळात हा कंद मासळीच्या कालवणाबरोबर खातात. गोव्याच्या हुमणाशीही त्याची जोडी उत्तम जमेल.

पाणी ओतून देताना ज्या स्त्रियांनी हे ज्ञान प्रथम मिळविले त्यांचे स्मरण ठेवावे. त्यांची नावे कोणत्याही दप्तरात नाहीत. त्यांची कृती मात्र अजून आपले रक्षण करीत आहे.