जुना वग, नवे बोल



जुने वग पुन्हा उभे राहतील काय, असा प्रश्न अलीकडे वारंवार विचारला जातो. विचारणारे हळहळीने विचारतात आणि उत्तर देणारे बहुधा अनुदानाचा आकडा सांगून मोकळे होतात. मला वाटते, त्याआधी जुना वग म्हणजे नेमके काय, हे पाहिले पाहिजे. जी वस्तू मुळात कागदावर नव्हती, ती केवळ कागद सापडला म्हणून जिवंत होत नाही.

या बाबतीत आपला मुलूख श्रीमंत आहे. ५ नोव्हेंबर १८४३ रोजी सांगलीत चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धन यांच्या आश्रयाने विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ केले. ही तारीख आपण शाळेत पाठ करतो. पण त्या नाटकातील पात्रांची भाषणे लिहिलेली नव्हती, हे सांगायचे राहून जाते. पदे सूत्रधार म्हणे. कथा सर्वांना ठाऊक असे. राम काय बोलेल, रावण काय बोलेल, हे नटाने उभ्या जागी आपल्या मनाने बोलावयाचे. राक्षसांच्या आरोळ्यांवरून या नाटकांना लोक पुढे ‘अललडुर्र’ म्हणू लागले. १८६१ साली विनायक जनार्दन कीर्तने यांचे ‘थोरले माधवराव पेशवे’ प्रसिद्ध झाले आणि लिहिल्याबरहुकूम बोलावयाच्या अशा नाटकांना ‘बुकिश’ हे नाव पडले. १८८० साली किर्लोस्करांचे ‘शाकुंतल’ आले. शहरी रंगभूमीने पुस्तक हाती धरले ते तेव्हापासून.

तमाशाने मात्र पुस्तक धरले नाही. तासगाव तालुक्यातील सावळजच्या उमाजीचा १८६५ सालचा ‘मोहना बटाव’ हा पहिला वग मानतात. वाळवा तालुक्यातील रेठरे हरणाक्ष येथे १८६६ साली जन्मलेले श्रीधर कृष्ण कुलकर्णी घर, वतन आणि जात बाजूला सारून फडावर आले आणि पठ्ठे बापूराव झाले; त्यांचा ‘मिठाराणी’ वग गाजला. मिरजेजवळच्या कवलापूरची काळू-बाळू ही जुळ्या भावांची जोडी तर आपल्यापैकी अनेकांनी पाहिली असेल. या सर्वांच्या वगात लावणी बांधलेली, कथेचे टप्पे बांधलेले. संवाद मात्र मोकळे. राजा, प्रधान, कोतवाल आणि सोंगाड्या एवढे दिले की पुढची रात्र कलावंतांच्या हजरजबाबीपणावर चाले. ज्या गावची यात्रा, त्या गावच्या पाटलाची, रस्त्याची आणि पाण्याची गोष्ट सोंगाड्या राजाच्या दरबारात आणून टाकी. म्हणजे वग ही एक चौकट होती. तिच्यात रोज नवा माल भरला जात असे.

ही चौकट किती टिकाऊ, हे आपल्याच भागाने दोनदा दाखवून दिले आहे. जोतीराव फुले यांनी २४ सप्टेंबर १८७३ रोजी सत्यशोधक समाज स्थापन केला. पुढे त्याचे जलसे निघाले. आपला हा भाग तेव्हा सातारा जिल्ह्यातच होता आणि येथे जलशांचा जोर मोठा. जलसेकरांनी तमाशाचाच साचा घेतला. शृंगार काढला आणि त्या जागी भटजी, सावकार व अडाणी कुणबी उभे केले. वाटेगावच्या अण्णाभाऊ साठ्यांनी तेच पुन्हा केले. तमाशा त्यांना घरचाच होता. १९४४ साली अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांच्यासह त्यांनी लालबावटा कलापथक उभारले. दरबाराच्या जागी चाळ आली, राजाच्या जागी शेटजी आला. पुढे तमाशावर सरकारी बंदी आली, तेव्हा हा प्रकार ‘लोकनाट्य’ या नावाने चालत राहिला. पुढे बंदी उठली ती परिनिरीक्षणाच्या अटीसह. म्हणजे काय बोलणार ते आधी लिहून द्या! आयत्या वेळी बोलणाऱ्या कलेला याहून जाचक अट कोणती?

तरीही १९६५ साली वसंत सबनिसांच्या ‘विच्छा माझी पुरी करा’मध्ये तोच राजा, तोच प्रधान, तोच कोतवाल रंगमंचावर आला आणि गर्दी खेचू लागला. दादा कोंडके चालू प्रयोगात ताज्या घडामोडींवर नवे बोल घालीत. जुनी चौकट आणि त्या दिवसाचे वर्तमान, हे त्या यशाचे कारण होते.

हाच प्रश्न आज अमेरिकेतही उभा आहे, आणि तोही एका खेळाच्या बाबतीत. १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ नावाचा खेळ काढला. चार-पाच मित्र टेबलाभोवती बसतात. एकजण सूत्रधार होतो, बाकीचे लढवय्या, मांत्रिक, चोर अशी पात्रे घेतात. सूत्रधार प्रसंग सांगतो, काय करावे, काय बोलावे, हे ज्याने त्याने ठरवावयाचे, जय-पराजय फाशांवर. भावेकालीन नाटकच म्हणा, फक्त प्रेक्षकांवाचून. या खेळासाठी कंपनीने अनेक कथाविश्वे रचून विकली. कथाविश्वे इतकी झाली की तिचे गिऱ्हाईक आपापसांत वाटले गेले. १९९७ साली ती कंपनी दुसरीने विकत घेतली, त्याचे एक कारण जाणकार हेच देतात. मग कित्येक जुनी कथाविश्वे मागे पडली. अलीकडे त्यांतली काही परत आणली गेली: १९८३ सालचे रेव्हनलॉफ्ट २०१६ साली, १९८९ सालचे स्पेलजॅमर २०२२ साली, १९९४ सालचे प्लेनस्केप २०२३ साली.

यातून घेण्यासारखी गोष्ट एकच. मधल्या वर्षांत कंपनीने छापले नाही, तरी लोक घरोघर खेळत राहिले, स्वतःच्या कथा त्या चौकटीत घालत राहिले. म्हणून परत आणण्याजोगे काही उरले. २०१६ पासून तर ठरावीक जुन्या कथाविश्वांत खेळणाऱ्यांनी रचलेल्या कथा विकण्याची मुभाही कंपनीने दिली. पुनरुज्जीवन छापखान्यात होत नाही, खेळणाऱ्यांच्या तोंडी होते.

कडेगावच्या माणसाला हे वेगळे समजावून सांगायला नको. मोहरमचे आपले गगनचुंबी ताबूत दरवर्षी नव्याने उभे राहतात. मान ठरलेला, पद्धत ठरलेली. कागद नवा, आणि बांधणारे हात हिंदूंचे तसेच मुसलमानांचे. मागच्या वर्षीचा ताबूत कुणी कपाटात जपून ठेवत नाही. ठेवला असता तर बांधण्याची विद्या केव्हाच बुडाली असती.

कामगारांच्या गेटसभांसाठी मी अनेकदा छोटी नाटके बसवून घेतली. लिहिलेले वाक्य हाती दिले की यंत्रावर वाघासारखा असणारा गडी अडखळे. ‘तू मुकादम, हा बदली कामगार, आज पगार कापला आहे, बोला,’ एवढेच सांगितले की दोघे अर्धा तास बोलत. वगाची शक्ती ही अशी सामान्य माणसाच्या जिभेवर आहे.

मात्र जुने ते सारेच उचलावे असे नाही. जुन्या वगात बाईची टवाळी आहे, जातीवरून हिणवणे आहे. आणि ज्या महार, मांग, कोल्हाटी समाजांनी ही कला पोसली, त्यांच्याच वाट्याला त्या कलेपायी तुच्छता आली. ‘परंपरा’ म्हणून ते पुन्हा मांडणे म्हणजे पुनरुज्जीवन नव्हे. जलसेकरांनी चौकट ठेवून आतला माल बदलला, तोच मार्ग आपला.

आणि शेवटी पोटाचा प्रश्न. हंगामाआधी उचल घ्यावयाची आणि हंगामभर ती फेडावयाची, ही तमाशा कलावंताची रीत ऊसतोड्याहून निराळी नाही. २०२० आणि २०२१ साली यात्रा बंद पडल्या, तेव्हा या माणसांच्या चुली कशा पेटल्या, हे किती रसिकांनी विचारले? हंगामाबाहेर कमाई नाही, म्हातारपणी भरवशाची सोय नाही. मग सोंगाड्याचा मुलगा सोंगाड्या का व्हावा? वग मेला तर तो लोकांना आवडेनासा झाला म्हणून मरणार नाही. बोलणारा माणूस दुसऱ्या मजुरीला गेला म्हणून मरेल.

तेव्हा माझे म्हणणे थोडक्यात असे. जुन्या वगांच्या संहिता जमवा, पण त्यावर थांबू नका. तालुक्यातल्या शाळा-महाविद्यालयांत जुन्या कलावंतांना ठरलेल्या मानधनावर बोलवा. मुलांना संवाद पाठ करायला देऊ नका. राजा, प्रधान, सोंगाड्या आणि आपल्या गावचा एक अडलेला प्रश्न एवढे द्या. ताकारीचे पाणी, उसाचा दर, पुण्या-मुंबईला गेलेला भाऊ, काहीही. आणि ती बोलू लागली, की वडीलधाऱ्यांनी त्यांना मध्येच थांबवू नये. पाटील समोर बसलेला असला, तरीही.