वाचनालयाचा महिना : नंदुरबार परिसरातील सार्वजनिक वाचनाचा पूर्वेतिहास

महाराष्ट्रातील सार्वजनिक वाचनालय हे पुस्तकांच्या देवघेवीचे, म्हणजे सभासदांना ग्रंथ घरी देण्याचे व परत घेण्याचे ठिकाण म्हणून ओळखले जात असले, तरी जयंत्या, पुण्यतिथ्या, व्याख्यानमाला, ग्रंथप्रदर्शने आणि बालवाचकांच्या स्पर्धा यांनी त्याचे वर्ष आखलेले असते, आणि गावाशी त्याचे नाते पुष्कळदा याच वाटेने जडलेले असते. ज्या प्रदेशात शिक्षण उशिरा पोचले आणि घरातली बोली व पुस्तकातली भाषा यांच्यात मोठे अंतर राहिले, तेथे तर या उपक्रमांकडे वाचनालयाचा पाया म्हणूनच पाहावे लागते. नंदुरबार जिल्हा हा असा प्रदेश आहे. 2011 च्या जनगणनेनुसार जिल्ह्याच्या लोकसंख्येत अनुसूचित जमातींचे प्रमाण 69 टक्क्यांहून अधिक होते, आणि राज्याची साक्षरता 82 टक्क्यांवर असताना येथील साक्षरता 64 टक्क्यांच्या आसपास, म्हणजे राज्यात सर्वांत कमी होती.

मराठी मुलखातील सार्वजनिक वाचनालयांचा आरंभ रत्नागिरी येथे 1828 मध्ये झाला. पुढे नाशिक (1840), पुणे (1848) अशा ठिकाणी ‘नेटिव्ह जनरल लायब्ररी’ या प्रकारच्या संस्था निघाल्या. इंग्रज अधिकारी व नवशिक्षित सरकारी नोकर यांच्या पुढाकाराने निघालेल्या या संस्था वर्गणीवर चालत, त्यामुळे ज्याला वाचता येई आणि वर्गणी परवडे त्याच्यापुरतेच त्यांचे दार उघडे होते. हे वर्तुळ रुंदावले ते व्याख्यानांमुळे. न्या. महादेव गोविंद रानडे यांच्या पुढाकाराने पुण्यात 1875 मध्ये वसंत व्याख्यानमाला सुरू झाली आणि लिखित विचार ऐकण्याची सवय नागर समाजात रुजली. ठाणे (1893) व मुंबई (1898) येथील मराठी ग्रंथसंग्रहालयांनी मराठी ग्रंथाला मध्यवर्ती स्थान दिले. खानदेशात जळगावचे वाचनालय 1877 चे, तर धुळ्याची सत्कार्योत्तेजक सभा 1893 ची. इतिहासाचार्य राजवाडे यांच्या निधनानंतर 1927 मध्ये धुळ्यातच राजवाडे संशोधन मंडळ उभे राहिले.

या घडामोडींचा लाभ आजच्या नंदुरबार जिल्ह्याच्या वाट्याला फारसा आला नाही, याचे कारण भूगोलात आणि राज्यकारभाराच्या रचनेत शोधावे लागते. 1906 मध्ये खानदेशाचे पूर्व व पश्चिम असे दोन जिल्हे झाले आणि नंदुरबार, शहादा, तळोदा, नवापूर हा भाग पश्चिम खानदेशात गेला, ज्याचे मुख्य ठाणे धुळे होते. सातपुड्यातील काठीसारखी संस्थाने मेवासी, म्हणजे डोंगरातील आदिवासी प्रमुखांच्या ताब्यातील छोट्या जहागिरी होत्या, आणि तेथील धडगावहून धुळे शंभर किलोमीटरांहून अधिक दूर पडे. 1900 च्या सुमारास तापी व्हॅली रेल्वे सुरू झाल्यावर सुरतेकडून येणारी वर्तमानपत्रे नंदुरबार व नवापूरच्या बाजारपेठांपर्यंत पोचू लागली, पण रुळांच्या उत्तरेला तापी आणि तिच्या पलीकडे सातपुडा होता; तेथे हा ओघ थांबे.

ज्या प्रयोगापासून या प्रदेशाला सर्वाधिक शिकता आले असते, तो त्याच्या अगदी शेजारी घडत होता. नवापूरला लागून असलेले सोनगड हे गायकवाडांचे मूळ ठाणे असून तो मुलूख बडोदे संस्थानच्या नवसारी प्रांतात मोडे. तेथील अधिपती सयाजीराव गायकवाड यांचा जन्म मालेगाव तालुक्यातील कवळाणे या खेड्यातला. त्यांनी 1906 मध्ये संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले; मात्र शाळा सोडल्यावर हाती पुस्तक उरले नाही तर मिळवलेली साक्षरता काही वर्षांतच पुसली जाते, हे ओळखून 1910 मध्ये अमेरिकेतील ग्रंथपाल विल्यम बॉर्डन यांना पाचारण केले आणि ग्रंथालयांचे स्वतंत्र खाते उभारले. गावाने वाचनालयासाठी जेवढी रक्कम उभी करावी तेवढीच प्रांत पंचायतीने आणि तेवढीच सरकारने घालावी, असा तिहेरी वाट्याचा नियम होता. त्यामुळे वाचनालय सरकारी कृपेचे न राहता गावाचे ठरे. जेथे एवढेही जमत नसे तेथे फिरते वाचनालय जाई, म्हणजे निवडक पुस्तकांनी भरलेली, कुलूप घातलेली मजबूत लाकडी पेटी सरकारी खर्चाने गावी पोचे, ठरावीक मुदत तेथे राही आणि वाचून झाल्यावर परत येऊन दुसऱ्या गावाला निघे. या साऱ्याहून दूरदृष्टीचा भाग म्हणजे 1912 मध्ये याच खात्यात उघडलेली दृक्-शिक्षणाची शाखा होय. जादूचा कंदील, म्हणजे काचेवरची चित्रे दिव्याच्या उजेडात पडद्यावर मोठी करून दाखवणारे यंत्र, चलच्चित्रे आणि एकच दृश्य दोन्ही डोळ्यांना वेगवेगळे दाखवून खोलीचा भास निर्माण करणारी चित्रे यांच्या साहाय्याने निरक्षर माणसापुढे आरोग्य, शेती आणि देशोदेशींची माहिती विनामूल्य मांडली जाई. अक्षर न येणारा माणूसही ग्रंथालयाचा हक्काचा लाभार्थी आहे, ही गोष्ट एका संस्थानाने शंभराहून अधिक वर्षांपूर्वी व्यवहारात मान्य केली होती, आणि ग्रंथालयाच्या इतिहासात तिचे मोल पुस्तकांच्या संख्येहून मोठे आहे.

ब्रिटिश मुंबई इलाख्यात अशा योजनेचा विचार सुरू व्हायलाच 1939 साल उजाडले. आसफ फैझी यांच्या अध्यक्षतेखालील समितीने मध्यवर्ती ग्रंथालयापासून गावातील वाचनालयापर्यंत पायऱ्यांची रचना सुचवली, आणि तिची अंमलबजावणी स्वातंत्र्याबरोबर सुरू झाली. पुढे महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम, 1967 आला. मद्रास, हैदराबाद व म्हैसूर यांच्यानंतरचा देशातील हा चौथा कायदा. त्यात ग्रंथालय कर नाही. नागरिकांनी चालवलेल्या संस्थांना ‘अ’, ‘ब’, ‘क’, ‘ड’ असे वर्ग देऊन सरकारने अनुदान द्यावे, अशी त्याची मांडणी आहे. जेथे आधीपासून शिकलेला, संस्था चालवणारा वर्ग होता तेथे ही पद्धत फळली. अक्राणी व अक्कलकुवा तालुक्यांतील पाड्यांवर मात्र अर्ज करणारी संस्थाच उभी राहणे कठीण होते. बडोद्याची पेटी गावाची वाट पाहत नसे. महाराष्ट्राचे अनुदान संस्थेची वाट पाहते, आणि हा फरक सातपुड्याला महागात पडला आहे. 1 जुलै 1998 रोजी नंदुरबार हा स्वतंत्र जिल्हा झाल्यावर जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्याचे कार्यालय निदान जवळ आले.

अनुदानित वाचनालयाचा दिनक्रम महाराष्ट्रभर पुष्कळसा सारखा असतो. दाराशी काळ्या फलकावर खडूने दिनविशेष, म्हणजे त्या तारखेला घडलेली घटना किंवा कोणाची जयंती, लिहिलेला असतो. टेबलावर तसबीर ठेवून हार घातला जातो, शेजारी त्या व्यक्तीची व तिच्याविषयीची पुस्तके मांडली जातात आणि उपस्थितांच्या सह्या नोंदवहीत घेतल्या जातात. 3 जानेवारीला सावित्रीबाई फुले, 27 फेब्रुवारीला कुसुमाग्रजांच्या जन्मदिनी मराठी भाषा गौरव दिन, 14 एप्रिलला डॉ. आंबेडकर, 12 ऑगस्टला ग्रंथालयशास्त्राचे प्रवर्तक डॉ. रंगनाथन, 15 ऑक्टोबरला डॉ. कलाम यांच्या जन्मदिनी वाचन प्रेरणा दिन आणि 14 नोव्हेंबरपासून ग्रंथालय सप्ताह, असा हा क्रम आहे. तसबिरीशेजारी मांडलेली पुस्तके कोणी घरी नेली तरच या विधीला अर्थ उरतो.

नंदुरबारच्या पंचांगात या सर्वमान्य तारखांखेरीज स्वतःच्या तारखाही आहेत. 9 ऑगस्ट हा देशभर क्रांतिदिन. संयुक्त राष्ट्रांनी 1994 मध्ये तोच जागतिक आदिवासी दिन ठरवल्यापासून जिल्ह्यात तो मोठ्या मिरवणुकांनी साजरा होतो. बरोबर महिन्याने, 9 सप्टेंबरला, 1942 च्या गोळीबारात नंदुरबार शहरात हुतात्मा झालेले शिरीषकुमार मेहता, लालदास शहा, धनसुखलाल वाणी, शशिधर केतकर आणि घनश्यामदास शहा यांचे स्मरण केले जाते. दिवाळीत अस्तंब्याची यात्रा, महाशिवरात्रीला देवमोगऱ्याची यात्रा, होळीआधीच्या आठवड्यातील भोंगऱ्या बाजार आणि काठीची पहाटे पेटणारी राजवाडी होळी यांनी डोंगरातले वर्ष मोजले जाते. या प्रसंगी गायली जाणारी गाणी, सांगितल्या जाणाऱ्या उत्पत्तिकथा आणि कुळांच्या आठवणी हाच भिलोरी, पावरी, मावची बोलणाऱ्यांचा ग्रंथसंग्रह असून त्याचा फार थोडा भाग छापला गेला आहे.

तो छापता येतो आणि शिकवण्यासाठी वापरताही येतो, हे या जिल्ह्यातच दिसून आले आहे. नर्मदा खोऱ्यातील धरणविरोधी आंदोलनाने 1990 च्या दशकाच्या आरंभी चिमलखेडी व निमगव्हाण येथे ‘जीवनशाळा’ नावाच्या शाळा सुरू केल्या, तेव्हा मुलांना त्यांच्या बोलीतून अक्षराकडे नेण्यासाठी स्थानिक कथा व गाणी शिक्षणसाहित्यात आणली गेली. शहाद्याच्या श्रमिक चळवळीतून आलेले वाहरू सोनवणे यांचा ‘गोधड’ हा कवितासंग्रह 1987 मध्ये निघाला आणि सातपुड्याच्या पायथ्याचा आवाज मराठी कवितेत दाखल झाला. जिल्ह्यातील प्रत्येक वाचनालयाने 9 ऑगस्टच्या टेबलावर अशी पुस्तके मांडावीत, आणि होळीच्या महिन्यात गावातील जाणत्या गायकांना बोलावून त्यांची गाणी ध्वनिमुद्रित करून, देवनागरीत उतरवून, नोंदवहीत दाखल क्रमांक देऊन कपाटात ठेवावीत. ती गाणारी पिढी वृद्ध होत चालली आहे. हे काम पुढच्या अनुदानाची वाट न पाहता याच वर्षी हाती घेतले पाहिजे.