अभिजित मावळतो तेव्हा

मी कवी आहे, म्हणून असेल. पण ‘ही तर नुसती गोष्ट’ हे वाक्य मला टोचतं. ऑस्ट्रेलियाच्या मूळ रहिवाशांचं ज्ञान या एका वाक्याखाली किती काळ झाकून राहिलं!

तिथल्या व्हिक्टोरिया प्रांतात टायरेल नावाचं खारं सरोवर आहे. त्या परिसरात बूराँग लोक राहत. विल्यम स्टॅनब्रिज या इंग्रज जमीनदारानं एका बूराँग कुटुंबाकडून ताऱ्यांची माहिती घेतली आणि १८५७ मध्ये मेलबर्नच्या विद्वानांपुढे निबंध वाचला.

आपला अभिजित म्हणजे बूराँगांची नीलोअन, मॅलीफाउल पक्षीण. कोंबडीएवढा हा पक्षी माती-पाल्याचा मोठा ढीग रचून त्यात अंडी घालतो. नीलोअन सूर्याबरोबर मावळू लागली, की अंडी गोळा करायचा हंगाम आला. आपली स्वाती संध्याकाळी उत्तरेला आली, की मुंग्यांच्या अळ्या खायचे दिवस आले. पोटाचं पंचांगच ते!

त्याच निबंधात अगस्ती हा कावळा आहे आणि त्याला बायकोही आहे. २०१० मध्ये ड्युएन हमाकर आणि डेव्हिड फ्रू या संशोधकांनी निष्कर्ष काढला, की ही बायको म्हणजे ईटा कॅरिनी हा तारा. १८४३ च्या सुमारास तो भडकला आणि व्याधाच्या खालोखाल तेजस्वी झाला, पुढे मंदावला. बूराँगांनी तो पाहिला आणि गोष्टीत नोंदवून ठेवला.

याच देशात मूळ रहिवाशांची हजारो मुलं आईबापांपासून तोडली गेली. अनेक ठिकाणी त्यांना स्वतःची भाषाही बोलू दिली नाही. पंतप्रधान केव्हिन रुड यांनी २००८ मध्ये संसदेत त्याबद्दल माफी मागितली. आता तिथल्या राष्ट्रीय अभ्यासक्रमात, विज्ञानातसुद्धा, या ज्ञानाला जागा आहे. २०१८ मध्ये विज्ञानशिक्षकांसाठी त्याची खास उदाहरणंही देण्यात आली.

मात्र धड्याच्या शेवटी चौकटीत एक दंतकथा छापून भागत नाही. अभिजित संध्याकाळच्या आकाशातून का जातो? पाला कुजताना ऊब कुठून येते? हे प्रश्न वर्गात विचारले, तरच ते विज्ञान. आणि कोणती गोष्ट सांगायची, कोणती नाही, हे त्या समाजातल्या वडीलधाऱ्यांना विचारायला हवं. स्टॅनब्रिजच्या निबंधात ताऱ्यांची नावं उरली. ज्या घरानं ती सांगितली, त्या घरातल्या मुलांनाही ती शाळेत ऐकू यायला हवीत.