पनवेलची ‘मशीद’ आणि बेने इस्रायल

परवा वर्गात मुलांना वर्तमानपत्र वाचून दाखवत होतो. ‘इस्रायल’ हा शब्द आला आणि एका मुलाने तोंड वाकडे केले. मी विचारले, “आपल्या पनवेलच्या इस्रायली लोकांबद्दल काही ऐकलंयस का?” सगळा वर्ग माझ्याकडे बघत राहिला.

नवीन पनवेलहून रेल्वेलाइन ओलांडली की जुने पनवेल. तिथे १८४९ साली बांधलेले ‘बेथ एल’ हे ज्यू समाजाचे प्रार्थनास्थळ आहे. बेथ एल म्हणजे ईश्वराचे घर. हिब्रूतला ‘बेथ’ आणि आपल्या उर्दूतला ‘बैत’ हे एकाच मुळातून आलेले शब्द आहेत.

हे बेने इस्रायल लोक कोकणात कधी आले, याबद्दल अभ्यासकांत एकमत नाही. त्यांची परंपरा सांगते की अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटले आणि सात पुरुष व सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या. पुढे ते गावोगाव पांगले, तेलाचे घाणे चालवू लागले. शनिवारी घाणा बंद, म्हणून लोक त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत. गावांवरून आडनावे पडली: पेणकर, रोहेकर, दिवेकर, नवगावकर. मराठी त्यांची मातृभाषा झाली. मात्र शनिवारचा विसावा, मुलाची आठव्या दिवशी सुंता आणि ‘शेमा’ ही प्रार्थना त्यांनी सोडली नाही.

ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेतील सॅम्युएल इझिकेल दिवेकर यांनी १७९६ साली मुंबईत पहिले सिनेगॉग बांधले. लोक त्याला मशीदच म्हणत. पुढे ते ‘जुनी मशीद’ म्हणून ओळखले गेले. मशीद बंदर स्टेशनाचे नाव त्यावरूनच पडले, असे मानले जाते. रोज लोकलने जाणाऱ्या किती मुसलमानांना हे ठाऊक असेल?

नवस फेडताना किंवा शुभकार्यात ते मलिदा करतात. भिजवलेले गोड पोहे, खोबरे, सुकामेवा, फळे ताटात मांडून एलियाहू पैगंबरांचे स्मरण करतात. आपण ज्यांना हजरत इलियास म्हणतो, तेच हे. मलिदा आपल्याकडेही असतो, फक्त तो पोह्यांचा नसतो.

१९४८ साली इस्रायल राष्ट्र झाले आणि पुढच्या काही दशकांत बहुतेक कुटुंबे तिकडे गेली. तिथे त्यांची नवी परीक्षा सुरू झाली. १९६२ साली तिथल्या प्रमुख धर्मपीठाने फर्मान काढले की, बेने इस्रायलांनी इतर ज्यूंशी लग्न करायचे तर आधी त्यांच्या पूर्वजांची चौकशी व्हावी. कोकणात शतकानुशतके शनिवार पाळणाऱ्यांना आता ज्यू असल्याचा पुरावा मागितला गेला. त्यांनी जेरुसलेममध्ये धरणे धरले. अखेर ऑगस्ट १९६४ मध्ये तिथल्या संसदेने ते सर्वार्थाने ज्यू असल्याचे जाहीर केले. लोद, दिमोना, अश्दोद या शहरांत ही मंडळी वसली. त्यांचे ‘मायबोली’ हे मराठी नियतकालिकही तिकडेच निघू लागले.

हे सगळे मुलांना का सांगितले? पॅलेस्टाईनवरच्या अन्यायाबद्दल आपण बोललेच पाहिजे. पण तो हिशेब तिथल्या राज्यकर्त्यांकडे मागायचा. पनवेलच्या पेणकरांच्या किंवा रोहेकरांच्या दारावर तो चिकटवायचा नाही. जगात कुठे काही घडले की आपल्याकडे खुलासा मागितला जातो, तेव्हा कसे वाटते हे आपल्याला चांगलेच ठाऊक आहे.

तास संपला तेव्हा तोच मुलगा मागे थांबला. म्हणाला, “सर, ती मशीद नेमकी कुठं आहे?”

मी त्याला वहीवर रस्ता काढून दिला.