हबशी म्हणजे कोठला?

कुंभिवलीच्या एका वृद्ध गृहस्थांनी परवा आम्हाला वाटेत गाठून विचारले, "जुन्या गॅझेटिअरात कातकऱ्यांच्या एका पोटशाखेचे नाव 'शिधी' असे दिले आहे. मग आमच्या शेजारच्या वाडीतले कातकरी जंजिऱ्याच्या सिद्दीचे भाऊबंद समजायचे काय?" हे गॅझेटिअर ठाणे जिल्ह्याचे, १८८२ सालचे. कर्जतचा मुलूख त्या वेळी ठाणे जिल्ह्यातच मोडत असे. प्रश्न लहान खरा, पण त्याचे उत्तर वाटेत उभ्या उभ्या देण्याजोगे नव्हते. म्हणून आजचा विषय.

आरंभ शब्दापासून करू. 'हबश' हे अबिसीनियाचे, म्हणजे आजच्या इथिओपियाचे अरबी नाव. तेथला तो हबशी. 'सिद्दी' हा शब्द अरबीतील 'सय्यिदी', म्हणजे 'माझे धनी', यावरून आला असे मानतात. बाजारात विकल्या गेलेल्या माणसांना धन्याचे नाव चिकटावे, हा शब्दांचा खेळ मोठा विलक्षण! परंतु काहींच्या बाबतीत तो खराही ठरला. मलिक अंबर इथिओपियातून गुलाम म्हणून निघाला आणि हात बदलत बदलत दख्खनेत पोहोचला. त्याला विकत घेणारा निजामशाहीचा मंत्री चंगीजखान हा स्वतःही हबशीच. १६०० साली अहमदनगर मोगलांनी घेतल्यावर ती बुडती निजामशाही अंबरने १६२६ पर्यंत, म्हणजे मरेपर्यंत, तगवून धरली. इकडे जंजिऱ्याच्या सिद्द्यांनी मराठ्यांना पिढ्यान्‌पिढ्या दाद दिली नाही. १७३६ मध्ये चिमाजीअप्पांनी सिद्दी सात याला रणात मारले, तरी जंजिरा उभाच राहिला. ते संस्थान विलीन झाले १९४८ साली.

हे सारे आपण शाळेतच शिकलो. मात्र हा इतिहास तलवार हाती आलेल्यांचा आहे. ज्यांच्या हाती वल्हे, कुदळ किंवा पाण्याची घागर आली, त्यांचे काय? त्यांना दप्तर नाही, बखर नाही. पोर्तुगीजांच्या गोव्यात, वसईत, आपल्या रेवदंड्याच्या चौलात आफ्रिकी गुलाम राबत होते. येथे एक गोष्ट ध्यानात धरावी. आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील मोझांबिकचा कारभार १७५२ पर्यंत गोव्याच्या सरकारकडे होता. म्हणजे गुलामांचा एक रस्ता हबशाच्या पुष्कळच दक्षिणेकडून येत होता. पण आपल्या लोकांनी काळ्या वर्णाच्या प्रत्येक परदेशी माणसाला सरसकट 'हबशी' म्हटले आणि सर्वांचा गाव एकच करून टाकला.

हा गोंधळ कागदांनी सुटला नाही, तो रक्ताने थोडासा सोडवला. माणसाच्या डीएनएमध्ये काही जागा अशा असतात की तेथे कोणाकडे एक रूप आढळते, कोणाकडे दुसरे. या झाल्या खुणा. कल्पना करा की एक रूप आफ्रिकेत शंभरात नव्वदांना आढळते व आपल्याकडे दहांना. एखाद्या मिश्र जमातीत ते अठ्ठावन्नांना आढळले, तर दहा व नव्वद यांमधले ऐंशीचे अंतर तिने अठ्ठेचाळीसने तोडले आहे. आफ्रिकेचा वाटा शेकडा साठ. हिशेब वाण्याच्या दुकानातला आहे!

पण एकट्या खुणेवर विसंबणारा फसतो. तांबड्या पेशींवर 'डफी' नावाचा एक पदार्थ असतो. सहाराच्या दक्षिणेकडील बहुतेकांच्या पेशींवर तो नसतो, आणि त्यामुळे हिवतापाच्या एका जातीपासून त्यांचे पुष्कळ रक्षण होते. खूण उत्तम, यात शंका नाही. तरीही जेथे हिवताप माणसे निवडून मारतो, तेथे अशी खूण रोगामुळेच वाढू शकते. मग ती कुळाची साक्ष देते की तापाची? याचसाठी शास्त्रज्ञ एक नव्हे, लाखो खुणा तपासतात.

मिसळ केव्हा झाली, हेही सांगता येते. तांबड्या पाठीचा व निळ्या पाठीचा असे पत्त्यांचे दोन जुडे एकावर एक ठेवून पिसा. पहिल्या खेपेस एका रंगाचे लांब पट्टे राहतात. पिसत जाल तसे तुकडे आखूड होतात. डीएनएचेही दर पिढीला असेच पिसणे चालते, म्हणून तुकड्यांच्या लांबीवरून पिढ्या मोजतात.

हैदराबादच्या पेशी व रेणवीय जीवशास्त्र केंद्रातील कुमारसामी थंगराज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गुजरात व कर्नाटकातील सिद्द्यांवर असे काम केले. ते २०११ साली प्रसिद्ध झाले. त्यांत आफ्रिकी, भारतीय आणि कदाचित पोर्तुगीजही वारसा दिसला. बापाकडून मुलाकडे जाणारे वाय गुणसूत्र व आईकडूनच येणारा मायटोकाँड्रियातील डीएनए यांची साक्ष अशी पडली की या लोकांचे मूळ बांटू भाषा बोलणाऱ्यांत आहे. बांटू म्हणजे मध्य, पूर्व व दक्षिण आफ्रिकेतील भाषांचे कुळ. इथिओपियाची अम्हारिक भाषा त्यातली नव्हे, ती अरबीच्या गोतातली. मिसळ निघाली आठेक पिढ्यांतली, सुमारे दोनशे वर्षांतली. यल्लापूर-हल्याळच्या रानातील अथवा गीरच्या जांबूरमधील ज्या माणसांना आपण हबशी म्हणत आलो, त्यांचे बहुतेक पूर्वज हबशातले नव्हतेच!

आता आमच्यातील उत्साही मंडळी लगेच हे जंजिऱ्याला लावू पाहतील. त्यांनी जरा थांबावे. हे नमुने गुजरात व कर्नाटकातले, मुरूडच्या नवाबाच्या घराण्यातले नव्हेत. त्यांवरून मलिक अंबरचा गावही बदलत नाही, कारण त्याच्या मागे लेखी पुरावा आहे.

आणि कातकरी? 'शिधी' हे नाव सिद्द्यांच्या रक्तावरून पडले असेल, त्यांच्या चाकरीवरून पडले असेल, किंवा नुसत्या ध्वनिसाम्याने आपल्याला भुरळ पडली असेल. केसांची कुरळ व नाकाची ठेवण यांवरून निवाडा देण्याची खोड गेल्या शतकातल्या साहेबांना होती. आपण ती उचलू नये. वाडीतल्या लोकांना काय तपासायचे व कशासाठी हे त्यांच्याच बोलीत सांगावे, त्यांनी 'हो' म्हटले तर रक्त घ्यावे, आणि जे निघेल ते प्रथम त्यांना कळवावे. त्या गृहस्थांना आम्ही तूर्त एवढेच सांगितले की, प्रश्न तुमचा असला तरी भाऊबंद ठरायचे आहेत ते त्यांचे. पुढच्या वेळी त्यांनाच विचारून या.