प्रवेश परीक्षा, महाविद्यालयीन

महाविद्यालयीन शिक्षणक्रमास प्रवेश देण्यापूर्वी उमेदवारांची पात्रता एकाच मापाने ठरविण्यासाठी घेतली जाणारी सामाईक परीक्षा. तिचे हेतू दोन असतात : पुढील शिक्षण पेलण्याइतकी किमान तयारी उमेदवारापाशी आहे किंवा नाही, हे पाहणे; आणि जागा थोड्या व इच्छुक पुष्कळ असल्यास उमेदवारांचा गुणानुक्रम लावणे. महाराष्ट्रात ही परीक्षा पहिल्या हेतूने सुरू झाली व कालांतराने दुसऱ्या हेतूकडे वळली. या दीर्घ स्थित्यंतरात प्रश्नपत्रिका सर्वांना समान राहिली. तिच्या तयारीची संधी मात्र सर्वांना समान कधीच नव्हती.

मॅट्रिक परीक्षा : मुंबई विद्यापीठाची स्थापना १८ जुलै १८५७ रोजी लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर झाली. प्रारंभी त्याचे कार्य अध्यापनाचे नसून परीक्षा घेण्याचे व पदव्या देण्याचे होते. त्याची पहिली प्रवेश परीक्षा १८५९ मध्ये झाली. हीच पुढे ‘मॅट्रिक’ या नावाने घरोघरी परिचित झाली. पहिल्या परीक्षेत उत्तीर्ण झालेल्यांत महादेव गोविंद रानडे व रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे होते. १८६२ मधील पहिल्या पदवीधरांतही त्या दोघांचा समावेश होता.

परीक्षेबरोबर तिच्या तयारीची साधनेही निर्माण झाली. भांडारकरांची संस्कृत भाषेची दोन क्रमिक पुस्तके विद्यार्थ्यांच्या अनेक पिढ्यांनी वापरली. वामन शिवराम आपटे यांचे संस्कृत रचनेवरील इंग्रजी मार्गदर्शक पुस्तक १८८१ मध्ये प्रसिद्ध झाले. जगन्नाथ शंकरशेट (१८०३–६५) यांच्या नावाची संस्कृत शिष्यवृत्ती हा मॅट्रिकमधील सर्वोच्च मान समजला जाई आणि ती मिळविणारा विद्यार्थी शाळेचे भूषण ठरे.

मॅट्रिकचे प्रमाणपत्र महाविद्यालयाप्रमाणेच सरकारी नोकरीचेही दार उघडीत असे. त्यामुळे महाविद्यालयात न जाणाऱ्या विद्यार्थ्यांचे शिक्षणही याच परीक्षेच्या साच्यात बसविले गेले. १८८२ च्या हंटर आयोगाने हा दोष ओळखून माध्यमिक शिक्षणाच्या दोन शाखा कराव्यात, एक विद्यापीठाच्या प्रवेश परीक्षेकडे व दुसरी व्यापारी आणि व्यावहारिक शिक्षणाकडे नेणारी असावी, अशी शिफारस केली. तथापि पालकांचा ओढा पहिल्या शाखेकडेच राहिला.

पेण व रोहे : तत्कालीन कुलाबा (१९८१ पासून रायगड) जिल्ह्यातील या दोन शेजारच्या तालुक्यांशी संबंधित दोन समवयस्कांचे चरित्र या विषयाच्या दृष्टीने उद्बोधक आहे. चिंतामण द्वारकानाथ देशमुख (१८९६–१९८२) यांचा जन्म रायगडनजीकच्या नाते येथे झाला. त्यांचे घराणे रोह्याचे. १९१२ च्या मॅट्रिक परीक्षेत ते मुंबई विद्यापीठात पहिले आले व जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्तीचे मानकरी ठरले. १९१८ मध्ये लंडन येथे झालेल्या भारतीय सनदी सेवेच्या परीक्षेतही त्यांनी प्रथम क्रमांक मिळविला. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर व केंद्रीय अर्थमंत्री ही पदे भूषविल्यानंतर ते विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष झाले. रोह्याच्या महाविद्यालयास त्यांचे नाव देण्यात आले आहे.

विनोबा भावे (१८९५–१९८२) यांचा जन्म पेण तालुक्यातील गागोदे येथला. बडोद्यास मॅट्रिक झाल्यावर १९१६ मध्ये इंटरमिजिएटच्या परीक्षेसाठी मुंबईस निघाले असता ते वाटेत सुरतेस उतरले आणि काशीकडे गेले. तत्पूर्वीच त्यांनी आपली प्रमाणपत्रे चुलीत जाळली होती. एकाने परीक्षेच्या मार्गाने राष्ट्रीय जीवनात प्रवेश केला, दुसऱ्याने परीक्षेकडे पाठ फिरवून. मात्र दोघांनाही परीक्षेपर्यंत पोहोचण्याची वाट मोकळी होती. अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजातील मुलांना ती नव्हती. म्हणूनच १९०७ मध्ये भीमराव आंबेडकर मॅट्रिक उत्तीर्ण झाले, तेव्हा त्यांच्या सत्कारासाठी सभा भरविण्यात आली.

शालान्त परीक्षा : विद्यापीठीय शिक्षणाचा आरंभ मॅट्रिकनंतर नव्हे, तर इंटरमिजिएटनंतर मानावा, असे मत सॅडलर आयोगाने (१९१७–१९) मांडले. मुंबई राज्यात १९४९ पासून मॅट्रिकची जागा स्वतंत्र मंडळाच्या एस्. एस्. सी. परीक्षेने घेतली. अशा रीतीने शाळा संपल्याची परीक्षा विद्यापीठाकडून शालेय मंडळाकडे आली; प्रवेशाचा आधार मात्र तिचेच गुण राहिले. नव्या आकृतिबंधानुसार १९७५ मध्ये दहावीची पहिली परीक्षा झाली व त्यानंतर वैद्यक आणि अभियांत्रिकी या शाखांचा प्रवेश बारावीच्या गुणांवर अवलंबू लागला. १९८३ पासून राज्यात विनाअनुदानित खाजगी अभियांत्रिकी महाविद्यालयांस परवानगी मिळाली. प्रवेशासाठी घेतल्या जाणाऱ्या देणग्यांस आळा घालण्याकरिता १९८७ मध्ये अधिनियम करावा लागला.

सामाईक परीक्षेचे पुनरागमन : निरनिराळ्या मंडळांच्या गुणांची तुलना करणे अवघड असल्याने विसाव्या शतकाच्या अखेरीस वैद्यकीय व पुढे अभियांत्रिकी प्रवेशासाठी राज्याने सामाईक प्रवेश परीक्षा (सीईटी) सुरू केली. अभियांत्रिकीसाठी २०१४ व २०१५ या दोन वर्षी केंद्रीय जेईई (मेन) परीक्षेचे गुण विचारात घेतले गेले. २०१६ पासून पुन्हा राज्याची परीक्षा आली. वैद्यकीय प्रवेश २०१७ पासून पूर्णतः ‘नीट’ या देशव्यापी परीक्षेवर होऊ लागले. त्याच वर्षी तिची प्रश्नपत्रिका मराठीतही उपलब्ध झाली.

कोणाच्या अभ्यासक्रमावर परीक्षा घ्यावी, हा प्रश्न २०२१ मध्ये ठळकपणे पुढे आला. कोव्हिडच्या साथीमुळे दहावीची परीक्षा न झाल्याने राज्याने अकरावीच्या प्रवेशासाठी राज्य मंडळाच्या अभ्यासक्रमावर आधारित परीक्षा योजिली. अन्य मंडळांच्या विद्यार्थ्यांवर तीमुळे अन्याय होईल, असा आक्षेप घेण्यात आला आणि १० ऑगस्ट २०२१ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने ती रद्द ठरविली.

तयारी व विषमता : बहुपर्यायी प्रश्नांच्या परीक्षेत ज्ञानाइतकेच वेगाला व सरावाला महत्त्व येते. लातूर येथील महाविद्यालयांनी जादा तासिका व वारंवार सराव चाचण्या यांवर आधारलेली पद्धती रूढ केली. ‘लातूर पॅटर्न’ या नावाने ती ओळखली जाते. मुंबई-पुण्याबाहेरील विद्यार्थीही गुणानुक्रमात वर येऊ शकतात, हे तिने दाखविले. परंतु अशा तयारीभोवती खाजगी शिकवण्यांचा मोठा व्यवसायही उभा राहिला. त्यामुळे शुल्क व घरापासून दूर राहण्याचा खर्च यांचा भार पालकांवर पडू लागला.

रोह्यालगतच्या वरसे या गावातील विद्यार्थ्याच्या दृष्टीने पाहिल्यास गेल्या शतकातील बदल दुहेरी आहे. मॅट्रिकच्या काळी उच्च शिक्षणासाठी जिल्हा सोडणे भाग होते. आता रोह्यातच महाविद्यालय आहे. लोणेरे येथील डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ (१९८९) व अलिबागचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय ही जिल्ह्यातच आहेत. शिक्षणसंस्था जवळ आल्या, तथापि व्यावसायिक शिक्षणाच्या जागा राज्यव्यापी वा देशव्यापी गुणानुक्रमाने भरल्या जात असल्याने त्याची स्पर्धा शहरांतील शिकवणीवर्गांत दोन-दोन वर्षे सराव केलेल्या उमेदवारांशी असते. परीक्षेतील गुण त्या दिवसाची तयारी मोजतात. ती तयारी कोणत्या परिस्थितीतून झाली, हे ते सांगत नाहीत. ही उणीव भरून काढण्यासाठी आरक्षण, शिष्यवृत्त्या, शुल्कसवलती इ. उपायांची जोड द्यावी लागली आहे. शाळेतील नित्याचे अध्यापनच परीक्षेस पुरेसे ठरावे, ही अपेक्षा मात्र अद्याप पूर्ण झालेली नाही.