वस्तीचे रूप

मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी मीही चार ओळी लिहाव्यात असे आमच्या अध्यक्षीणबाईंनी सांगितले, तेव्हा प्रथम मी नाहीच म्हटले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. पाककृती लिहून द्या म्हटले असते तर एका बैठकीत दिली असती. पण गेल्या महिन्याच्या सभेत आपल्या वस्तीतील मोकळ्या जागेचा विषय निघाला, मते पडली, आणि त्या रात्री मला झोप लागली नाही. तेव्हा तोच विषय धरून, मी पाहिलेले, ऐकलेले आणि वाचलेले लिहिते. चूकभूल भगिनींनी पोटात घालावी.

एखाद्या गावात पाऊल टाकले की ते गाव आपल्याला आवडते किंवा आवडत नाही. का, ते लगेच सांगता येत नाही. मला वाटते, वस्तीचे रूप दोन गोष्टींनी ठरते. घरे कशी बांधली आहेत ही एक, आणि घरांच्या मध्ये काय सोडले आहे ही दुसरी. पहिलीवर आपण सगळा पैसा खर्च करतो. दुसरीकडे कोणाचे लक्ष नसते.

प्रथम आपल्याच घरांचे बघू. मी लग्न होऊन नारायणगडाच्या पायथ्याशी आले तेव्हा आमचे घर माळवदाचे होते. जाड मातीच्या भिंती, वर लाकडी तुळया, त्यांवर फळ्या आणि काटक्या आणि सर्वांत वर पांढऱ्या मातीचा थर. आपल्याकडे पाऊस बेताचा आणि ऊन कडक, म्हणून कोकणासारखी उतरती कौले आपल्या वाडवडिलांनी घातली नाहीत. सपाट धाबे केले. त्यावर दिवसा कुरडया वाळल्या आणि उन्हाळ्यात रात्री माणसे निजली. घरे एकमेकांना खेटून, एका भिंतीवर दोन संसार. त्यामुळे बोळात सावली राही आणि भिंती तापत नसत. उजेडाला छतात साणे, धान्याला बळद, बसायला ढाळज. बाहेर मात्र एक पार आणि एक लिंब. सगळ्या गावाची मोकळी जागा तेवढीच, पण ती सगळ्यांची.

आपल्या बीड शहराचेही असेच. जुन्या पेठा दाट, पण शहराबाहेर बागाईत राखली होती. खजाना बावडी आपण सर्वांनी पाहिली आहे. निजामशाहीत, १५८२ च्या सुमारास, सलाबतखानाने ती बांधवली. भुयारी पाटांनी तिचे पाणी दूरच्या रानाला जाते. दुष्काळातही ती आटत नाही अशी तिची ख्याती. दाट घरे आत आणि हिरवे रान बाहेर, अशी ती जुनी रीत होती.

शहर वाढू लागले की ही रीत मोडते, कारण बाहेरच्या रानावरच घरे उठतात. मग हिरवळ राखायची तर घरांच्या मध्येच राखावी लागते. हे मला मुंबईला जाऊन कळले.

दोन वर्षांपूर्वी माझ्या थोरल्या नणंदेच्या मुलीचे बाळंतपण होते. ती नायगावला भाड्याच्या खोलीत राहते. दीड महिना मी तिच्याकडे होते. संध्याकाळी बाळाला घेऊन फिरायला निघाले की दहा मिनिटांत मी दादरच्या पारशी कॉलनीत पोहोचत असे. मुंबईत अशी जागा असेल असे मला स्वप्नातही वाटले नव्हते. सरळ रस्ते, दोन्ही बाजूंना मोठाली झाडे, तीन-चार मजल्यांची जुनी घरे, प्रत्येक घराभोवती थोडी मोकळी जागा, आणि मध्ये पाच बागा. लोक तिला फाइव्ह गार्डन्स म्हणतात. बाकावर म्हाताऱ्या बायका बसलेल्या. बाळ तिथे गेले की रडायचे थांबे.

भाचीच्या शेजारी एक निवृत्त शिक्षिका राहतात. त्यांना मी विचारले, "बाई, हे कोणा श्रीमंताने केले का?" त्या हसल्या आणि म्हणाल्या, "श्रीमंताने नाही, प्लेगने केले." मग त्यांनी मला सगळी हकीकत सांगितली आणि वाचायला पुस्तकही दिले.

१८९६ साली मुंबईत मांडवी भागात प्लेग आला. डॉ. विएगस यांनी तो प्रथम ओळखला. हजारो माणसे मेली, लाखो शहर सोडून पळाली. चाळींतल्या अंधाऱ्या खोल्यांत हवा नाही, ऊन नाही, सांडपाण्याला वाट नाही, हे सरकारच्या तेव्हा ध्यानात आले. १८९८ साली मुंबई सुधारणा मंडळ, म्हणजे इंप्रूव्हमेंट ट्रस्ट, स्थापन झाले. जुन्या वस्त्यांतून रुंद रस्ते काढायचे आणि उत्तरेला दादर-माटुंग्याच्या मोकळ्या शेतजमिनीवर नवी वस्ती बसवायची, असे ठरले. योगायोग असा की, त्याच १८९८ साली विलायतेत एबेनेझर हॉवर्ड नावाच्या गृहस्थाने उद्याननगरीची कल्पना मांडणारे पुस्तक लिहिले. गावाची हवा आणि शहराची सोय एके ठिकाणी आणावी, हा त्याचा विचार.

दादर-माटुंग्याला आधी रस्ते आखले, बागांच्या जागा राखल्या, आणि मग प्लॉट दिले. आपल्याकडे उलटे होते. आधी घरे होतात आणि उरेल तो रस्ता. तिथे नियमही घातले होते. तळमजला आणि वर दोन मजले, याहून उंच बांधायचे नाही. दोन इमारतींमध्ये अंतर ठेवायचे. मंचेरजी एदलजी जोशी हे ट्रस्टमधले पारशी इंजिनिअर. त्यांनी मध्यमवर्गीय पारशी कुटुंबांसाठी १०३ प्लॉट मागून घेतले. तीच ही कॉलनी. रस्त्यांवर झाडेसुद्धा ठरवून लावली. एका रस्त्याला अशोक, तर दुसऱ्याला महोगनी. पाच बागांना आज त्यांचेच नाव आहे. पारशांच्या इतर बागांना भिंत असते, ह्या कॉलनीला नाही. म्हणून तर माझ्यासारखी नारायणगडची बाई तिथल्या बाकावर जाऊन बसू शकली.

शेजारीच हिंदू कॉलनी उभी राहिली. तिथे ब्लॉक आले, म्हणजे ज्याच्या त्याच्या दाराच्या आत स्वयंपाकघर, न्हाणी आणि संडास. संडास घरात कसा चालेल, म्हणून जुन्या सोवळ्याच्या माणसांना प्रथम ते रुचले नाही. पण बायकांची केवढी सोय झाली ते बायकांनाच ठाऊक. अंगण मात्र कोणाला मिळाले नाही. अंगणाऐवजी गॅलरी आली आणि परसाऐवजी बाग. म्हणजे घर आपले आणि अंगण सर्वांचे, असा तो नवा संसार होता.

ह्यात सगळेच गोड नाही, हेही सांगितले पाहिजे. प्लेगनंतर ज्यांच्या खोल्या पाडल्या, त्या गरिबांना दादरचे भाडे परवडले नाही. तिथे कारकून, शिक्षक असे पगारदार लोक आले. गिरणी कामगारांसाठी पुढे १९२० नंतर बी. डी. डी. चाळी बांधल्या. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी मिळून २०७ इमारती. एका कुटुंबाला १६० चौरस फुटांची एक खोली आणि संडास सामाईक. पारशी कॉलनीपासून नायगावच्या चाळी हाकेच्या अंतरावर, पण दोहोंचे रूप अगदी निराळे. तरी चाळींच्या मध्ये पटांगणे सोडली होती. त्या पटांगणांत मुले खेळली, गणपती बसले, सभा झाल्या. खोली लहान असली तरी त्या पटांगणामुळे माणसांनी दिवस काढले.

आता आपल्या मंडळाला अभिमान वाटावा अशी एक गोष्ट. दादरचे शिवाजी पार्क महापालिकेने १९२५ साली लोकांना खुले केले. अठ्ठावीस एकरांच्या आसपासचे मैदान. तेव्हा त्याचे नाव माहीम पार्क होते. १९२७ साली त्याला शिवाजी महाराजांचे नाव मिळाले, ते अवंतिकाबाई गोखले ह्या नगरसेविकेच्या आग्रहाने. मुंबईच्या महापालिकेत बसलेल्या पहिल्या बायकांपैकी त्या एक. गांधीजींचे मराठी चरित्रही त्यांनी लिहिले होते. मैदानाभोवती पुढे दहा-वीस वर्षांत गोलसर गॅलऱ्यांच्या ठेंगण्या इमारती उठल्या. १९६६ साली महाराजांचा पुतळा आला. भोवतीचा कट्टा तर सगळ्या मराठी मुलखाला ठाऊक आहे. एवढ्या मोलाची जमीन शंभर वर्षे मोकळी राहिली, ती ती सर्वांची आहे ही जाणीव लोकांनी सोडली नाही म्हणून. हल्ली तिथेही आसपास उंच मनोरे उठत आहेत. ठेंगणी घरे गेली की झाडांवर सावली इमारतींची पडू लागते. तरी मैदान आहे तोवर दादरचे तोंड ओळखू येईल.

नुसती मोकळी जागा सोडली म्हणजे झाले, असेही नाही. हे आपल्या मराठवाड्यानेच पाहिले आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला, तेव्हा मी तेरा वर्षांची होते. आमच्या माहेरच्या घराचीही भांडी वाजली होती. जड दगड-मातीच्या भिंती आणि वरचे माळवद अंगावर येऊन हजारो माणसे झोपेतच गेली. त्यानंतर लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव, जिल्ह्यांत ५२ गावे नव्या जागी वसवली. माझी एक मावसबहीण तशा गावात दिली आहे. रस्ते रुंद, घरे सुटी, सुरक्षित. पण ती म्हणते, "ताई, शेजारणीला हाक मारली तर ऐकू जात नाही. आणि सावली नाही गं कुठं." मोकळे मैदान म्हणजे हिरवी जागा नव्हे. त्यात झाड लागते, पाणी घालणारे हात लागतात, आणि बसणारी माणसे लागतात. पुढे त्यांनीच दारोदार झाडे लावली, तेव्हा त्या गावाला गावपण आले.

छत्रपती संभाजीनगरला माझे धाकटे दीर सिडकोत राहतात. सिडकोने तिथे १९७० नंतरच्या दशकात घरे बांधायला घेतली. लहान लहान घरे, पुढे चार हात जागा आणि भागाभागांत बागा. जाऊबाईंच्या ओळीतील पुष्कळांनी पुढची जागा पत्रे घालून आत घेतली. एका घराने घेतली, मग शेजारच्याने, मग सगळ्यांनी. आज ती गल्ली ओळखू येत नाही. कोपऱ्यावरची बाग आहे म्हणून संध्याकाळी जाऊबाई बाहेर पडतात.

दुसऱ्यांचे दोष सांगितले, आता आपलाही सांगते. २०११ साली आम्ही माळवद उतरवून स्लॅबचे घर बांधले. किल्लारीची भीती सगळ्यांच्या मनात होती, ते बरोबरच होते. पण अंगणात सासऱ्यांनी लावलेला लिंब होता. दोन खोल्या जास्त निघतील म्हणून तो तोडायचा, असे ह्यांनी आणि भावजींनी ठरवले. मला विचारले, तेव्हा मी हो म्हटले. मलाही मोठे स्वयंपाकघर हवे होते. सासूबाई एवढेच म्हणाल्या, "तोडा बाई, पण मग आता ऊन कुणी अडवायचं?"

त्या लिंबाखाली दुपारी सात-आठ बायका जमत. कोणी निवडण घेऊन, कोणी वाती वळत. कोणाच्या घरी काय दुखते-खुपते ते तिथे कळे. लिंब गेला आणि ते बसणेही गेले. स्लॅब रात्री बारापर्यंत तापलेला. वीज गेली की सासूबाई भिंतीला पाठ लावून एकट्या बसत. शेवटचे दोन उन्हाळे त्यांनी तसेच काढले. मला त्या कधी बोलल्या नाहीत. माझे स्वयंपाकघर मोठे आहे, आणि त्यात उभी राहिले की ते आठवते.

म्हणून आता सभेतल्या विषयाकडे येते. आपल्या नव्या वस्तीच्या रेखांकनात मोकळी जागा सोडलेली आहे. मोठ्या रेखांकनात साधारण दहावा हिस्सा मोकळा ठेवावा असा नियमच आहे. त्या जागेवर मंडळाचा मोठा हॉल आणि पुढे दुकानांचे गाळे बांधावेत, भाडे येईल, असे काही भगिनींचे मत पडले. मंडळाला स्वतःची जागा नाही, पावसात सभा कोणाच्या तरी ओसरीवर भरते, हे मलाही कळते. भाड्याचे पैसे कोणाला नको? पण नियमाने अशा जागेवर वाटेल तेवढे बांधता येत नाही, आणि येत असते तरी मी नको म्हटले असते. एकदा भिंत उठली की ती पाडायला कोणी येत नाही.

माझी सूचना लहान आहे. एका कोपऱ्यात, नियमात बसेल एवढीच, एक खोली आणि पुढे पडवी बांधावी. बाकी जागेत कडेने लिंब, वड, करंज अशी आपल्या मातीत टिकणारी झाडे लावावीत. मध्ये पोरांना खेळायला माती ठेवावी आणि एक पार बांधावा. पहिले तीन उन्हाळे पाणी घालण्याची पाळी घरटी लावून घ्यावी. आपल्याकडे पाण्याची ओढ असते, म्हणून मोरीचे पाणी वळवता येईल काय तेही पाहावे. दादरला आधी झाडांची जागा ठरली आणि मग घरे झाली. आपली घरे होऊन गेली आहेत, पण जागा अजून उरली आहे.

लिंबाची पाच रोपे मी पिशव्यांत करून ठेवली आहेत. आता वीतभर झाली आहेत. येत्या सभेत काय ठरेल ते ठरो, सर्वांचे मत मला मान्य राहील. पण हात वर करण्याआधी प्रत्येकीने एकदा त्या जागेवर भर दुपारी बारा वाजता पाच मिनिटे उभे राहून यावे, एवढीच माझी विनंती आहे.